धुतलेला चमचा

भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या, त्या काळात मी रिसालीच्या एका टिनाच्या शेडमध्ये संध्याकाळी वर्ग घेत असे. मी मॅट्रिक, म्हणजे वस्तीतला विद्वान. भंडाऱ्याकडची शेती सोडून आलेल्या नव्या कामगारांकडून कारखान्याच्या हिंदी पत्रकातले सुरक्षेचे नियम मराठीत घोकून घ्यायचे, ही माझी विद्या. कोणी ‘कावून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारलं की मी डोळे वटारी. उत्तर मलाच येत नसे.

थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी, वर्गात पहिले. ‘वितळलेल्या पोलादात चमचा घालण्याआधी तो तापवावा’ हे ते झोपेतून उठवलं तरी म्हणत. चमचा म्हणजे भट्टीतून नमुना काढायचा, माणसाहून लांब दांड्याचा.

एका सकाळी मी ऑफिसचे कागद घेऊन भट्टीवर गेलो होतो. भाऊजींनी चमचा तापवला, पण तो निसटून राखेत पडला. आता आमच्या घरांत खाली पडलेला चमचा धुतल्याशिवाय पातेल्यात जात नाही. भाऊजींनी तो बादलीत बुचकळला, झटकला आणि भट्टीच्या तोंडाशी नेला.

मी तिथंच उभा. काय टापटिपीचा माणूस, असं कौतुक करत!

फोरमननं धावत येऊन दांडा मागं ओढला. दोघंही पडले. मग त्यानं धापा टाकत हिंदीत सांगितलं, की त्या ओल्या चमच्याच्या पाण्याची आत क्षणात वाफ झाली असती आणि तिनं पोलाद आम्हा तिघांच्या अंगावर उडवलं असतं.

“मंजे तापल्या तेलात वला झारा घातल्यावानी,” भाऊजी हळूच म्हणाले.

एका दमात कळलं होतं त्यांना. मग ते माझ्याकडे वळले.

“मास्तर, तुमी तापवा म्हणलं, मी तापवला. वलावा जावा म्हणून तापवा लागते, एवढं सांगतलं असतं, तं मी धुतला असता का?”

“मलेच माहीत नव्हतं, भाऊजी.”

त्यांनी चमचा उचलून पुन्हा तापवत धरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बहिणीला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. संध्याकाळी मी फोरमनला हातापाया पडून वर्गावर आणलं, पत्रक त्याच्या हाती दिलं आणि सतरंजीवर भाऊजींशेजारी जाऊन बसलो. त्यांनी सरकून जागा दिली. फोरमननं पहिला नियम वाचला. “कावून?” सगळ्यांत आधी मीच विचारलं.