काळ्या डोळ्याचा पोपट
दाराशी कोणी खाकरलं की साठ वर्षांनंतरही माझा हात पदराकडे जातो. मामंजी खाकरूनच स्वयंपाकघरात येत, आणि आम्ही जावा डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत असू. दिग्रसच्या बाजारातून आणलेला पोपट महिनाभर मुकाच राहिला, तेव्हा ते चिडले, “बुढा हाये हा. उद्या वापस करतो.” सासूबाई म्हणाल्या, “अहो, बुढ्याचा डोळा पांढुरका असते. याचा तं काळाभोर हाये. पिल्लू हाये थे.” सकाळी भाकरी थापताना खाकरणं ऐकू आलं. पिठाच्या हातांनी पदर घेत आम्ही उठलो, तर दारात कोणीच नव्हतं. पिंजऱ्यातला पोपट पुन्हा खाकरला! हसता हसता आम्ही खालीच बसलो. तेवढ्यात तिसऱ्यांदा खाकरणं ऐकू आलं. “चूप रे पिल्ल्या!” मी ओरडले. दारात मामंजी उभे होते. “पिल्लूच हाये मंग,” म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसत परत फिरले.