शेवटची दहा मिनिटं

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. हे वाक्य बायकोचं आहे. ती ते पाहुण्यांसमोर म्हणते, आणि पाहुणे माझ्याकडं असे बघतात, जसं काही मी तिला घरात उपाशी ठेवतो.

कारण अगदी साधं आहे. सिनेमा संपायला दहा मिनिटं राहिली की माझ्या डोक्यात पार्किंग सुरू होतं. आता सगळे एकदम उठणार, एकदम खाली येणार, माझी स्कूटर मधोमध अडकणार. पडद्यावर नायक कड्याला लोंबकळत असतो आणि मी बायकोच्या कानात म्हणतो, "चल, गर्दीच्या आधी गाडी काढू." ती पर्स उचलते. असे कितीतरी नायक आम्ही कड्याला लोंबकळत ठेवून आलोय. बायको म्हणते, "माहेरी सोयगावला तंबूतला सिनेमा यायचा, तर शेवटाला लाइट जायची. सासरी नवरा उठतो. माझ्या नशिबात शेवटच नाय."

तर यंदाच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा होऊन गेला होता. दुकानांच्या शटरांवर झेंडूच्या माळा वाळून नुसत्या दोऱ्या उरल्या होत्या. पहाटे पांघरूण ओढावं आणि दुपारी बनियनसुद्धा जड व्हावी, असे आमच्या संभाजीनगरातले दिवस. त्यात महापालिकेची निवडणूक लागणार, लागणार अशी हवा. चौकाचौकात बॅनर. आमच्या गल्लीतले एक भाऊ इच्छुक होते. इच्छुक म्हणजे नगरसेवक व्हायला. लग्नाच्या मुलालासुद्धा आमच्याकडं एवढं उघड इच्छुक कुणी म्हणत नाही. बॅनरवर भाऊ कानाला फोन लावून आभाळाकडं बघताना दिसायचे. वयानं माझ्याएवढेच, पण केस काळे केल्यापासून मला 'काका' म्हणतात.

भाऊंनी कोजागिरीनिमित्त वॉर्डातल्या महिलांसाठी सिनेमाचा एक अख्खा शो ठेवला. मोफत. मध्यंतरात मसाला दूध. घरोघर पास वाटले. बायकोनं पास फ्रिजवर चुंबकानं लावला आणि म्हणाली, "मी जाते हो. तिथं बायकाच बायका. मधेच उठवणारं कुणी नाही."

मला ते लागलं. माझ्या बायकोला सिनेमा दाखवणार कोण, तर भाऊ? आणि तेही एका मतासाठी?

"आपण दोघं जाऊ," मी म्हणालो. "तोच सिनेमा, त्याच दिवशी. आपल्या तिकिटानं."

"आणि शेवट?"

"शेवटापर्यंत बसू."

"नावं येऊन पडदा पांढरा होईपर्यंत?"

"पडदा काढून नेईपर्यंत बस म्हणालीस तरी बसतो."

तिनं लगेच पुण्याला मुलीला फोन लावून साक्षीदार केलं. तिकिटं मुलीनंच काढून दिली आणि वर दम दिला, "बाबा, यावेळी उठलात ना, तर आई माझ्यासोबत सिनेमे बघेल. कायमची. मी पुण्यात तिला शेवट दाखवीन." बायको हसली नाही. पास मात्र तिनं शेजारच्या आजींना देऊन टाकला. म्हणजे माझ्यावर एवढा भरवसा ठेवला, आणि आता मी पळालो तर परत ठेवणार नाही, हे मला कळलं.

दुपारच्या शोला पोचलो तर दारातल्या मॅनेजरनं माझ्या फोनवरची तिकिटं बघून मान हलवली. "अंकल, आपका शो कॅन्सल है. पूरे हॉल में दोच टिकट बिके. वो बी आपकेच."

"मग आता?"

"टेन्शन नक्को लेओ. वोच पिक्चर बाजू के हॉल में लगा है. जाके बैठो आराम से."

बाजूच्या हॉलमध्ये भाऊंचा शो होता. आत शे-दोनशे बायका आणि पुरुष मी एकटा. गल्ली सगळी तिथं होती. "अय्या, काका!" "वहिनी, ह्यांना कशाला आणलंत? घरी डबा करून ठेवायचा विसरला व्हय?" "राहू द्या हो, गाडी काढायला लागतंय की कुणीतरी!" म्हणजे माझी कीर्ती गल्लीभर होती. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढा सरकलो.

सिनेमा चांगला होता. एका गावात नायक आणि नायिका एकमेकांवर प्रेम करतात आणि सरपंचपदासाठी एकमेकांविरुद्धच उभे राहतात. दिवसा भांडण, संध्याकाळी विहिरीवर गाणं. आता निवडून कोण येणार, आणि लग्न होणार का, हाच प्रश्न.

मध्यंतरात भाऊ माईक घेऊन पडद्यापुढं आले. त्यांची नजर माझ्यावर पडली. "भगिनींनो, आज आपल्यात एक पुरुषसुद्धा आहे! पत्नीसाठी वेळ काढणारा आदर्श पती! काका, या पुढं!" भाऊंकडं शाल-नारळ कायम तयारच असतात. मला शाल पांघरली, नारळ हातात दिला, फोटो काढला. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या हिनं दोन बोटांनी वाजवल्या.

मग भाऊंनी खरा बार उडवला. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. मोटर, पाइप, पिंपं, सगळी सूत्रं घरातल्या बाईच्या हाती. पुरुषांनी ती सांगेल तिथं पाइप धरायचा. आमचा पाण्याचा वार दुसऱ्या दिवशी होता. भाऊ म्हणाले, "तुमच्यासाठी आत्ता फोन फिरवलाय. उद्याचं पाणी आजच! तुम्ही पिक्चर बघून घरी जाल, तवर नळाला धार!" पुन्हा टाळ्या. आम्ही मसाला दूध प्यायलो. माझ्या शालीवर एक केशराची काडी पडली.

पण आमच्या पाण्यानं आयुष्यात पहिल्यांदाच वेळेआधी यायचं ठरवलं.

पडद्यावर मतमोजणी सुरू होती. नायिका पदराचं टोक पिळत होती, नायक घाम पुसत होता. शेवटची दहा मिनिटं. आणि हॉलमध्ये एकेक फोन उजळायला लागला. घरी राहिलेले नवरे घाबरे झाले होते.

"काय? आलं? आत्ता?"

"निळं बटन नाय हो! ते गिझरचं हाय!"

"पाइप जिन्याखाली बघा. जिन्याखाली! आपल्या घराला जिना हाय, विसरलात का?"

"लई प्रेशर हाय म्हणे आज!"

या शेवटच्या वाक्यानं सगळा हॉल उठला. पदर खोचत, चपला शोधत, "सरक गं" करत बायका बाहेर. दारात भाऊ हात पसरून उभे, "ताई, पिक्चर तर बघा! ग्रुप फोटो राहिलाय!" त्यांच्या बाजूनं बायका अशा गेल्या, जसा पूर पुलाच्या खांबाच्या बाजूनं जातो.

मीही उभा होतो. अंगावर शाल, हातात नारळ. आमच्या घरी मोटर लावायला कुणीच नव्हतं. सकाळीच टाकीचा तळ दिसत होता. "चल," मी म्हणालो.

बायकोनं पर्स उचलली. चिडली असती तर मी दारापर्यंत पोचलो असतो. पण तिनं पर्स अशी उचलली, जशी इतकी वर्षं उचलत आली होती. सवयीनं. नजर पडद्यावर, हात पर्सवर.

मी खाली बसलो.

"अहो, पाणी!"

"येईल पुढच्या आठवड्यात."

"आणि तोवर अंघोळ?"

"नारळ आहे."

तिनं पर्स खाली ठेवली. मग बसली. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघंच. पडद्यावर अधिकाऱ्यानं निकालाचा कागद उघडला. नायिकेनं नायकाकडं बघितलं. नायकानं नायिकेकडं बघितलं. अधिकाऱ्यानं घसा खाकरला, आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली: 'पुढील भाग लवकरच'.

नावं वर सरकत होती. बायकोनं ती सगळी वाचली, जेवण पुरवणाऱ्यांपर्यंत. मग म्हणाली, "एवढंच?" आणि तिला असं हसू फुटलं की मॅनेजर बघायला आला. मला वाटलं होतं रडेल. मीसुद्धा हसायला लागलो, आणि हसता हसता नारळ घरंगळत पुढच्या रांगेपर्यंत गेला.

घरी आलो तेव्हा नळ कोरडा. गल्ली मात्र धुऊन निघालेली.

सकाळी दारात समोरच्या वहिनी. कडेवर भरलेला हंडा. "काकू, तुमचं पाणी हुकलं म्हणून आणलं हो," त्या म्हणाल्या आणि आवाज खाली घेतला, "शेवट काय झाला? कोण आलं निवडून?"

मी तोंड उघडलं, "अहो, त्याचा पुढचा भा..."

बायकोनं माझ्याकडं अशी नजर टाकली की माझं उरलेलं वाक्य आतच विरघळलं. तिनं हंड्याकडं पाहिलं. हंडा काठोकाठ होता. "या, बसा," ती म्हणाली. "लई मोठा शेवट आहे."

वहिनी तृप्त होऊन गेल्या आणि त्यांनी गल्लीत सांगितलं असणार. नंतर एकेक जण यायला लागली. कुणी बादली, कुणी कळशी. रिकाम्या हातानं शेवट मागणं कुणालाच बरं वाटत नव्हतं. शेजारच्या आजींसाठी बायकोनं दोघांचं धूमधडाक्यात लग्न लावून दिलं. कोपऱ्यावरच्या नव्या सुनेसाठी नायिकेला सरपंच करून पुढं शिकायलाही पाठवलं. माझं काम पाणी टाकीत ओतायचं. ओतता ओतता मी ऐकत होतो, आणि खरं सांगतो, सिनेमावाल्यांनी हिला आधी विचारायला हवं होतं.

दुपारी भाऊ स्वतः पाण्याचा कॅन घेऊन आले. कालपासून चेहरा उतरलेला. "काकू, ते पिक्चरमधला हिरो... आला का निवडून?"

"पडला," बायको म्हणाली.

"का बरं? सगळं तर केलं होतं त्यानं."

"त्यानं भलत्या वेळेला पाणी सोडलं ना."

भाऊ कॅन ठेवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत टाकी अर्धी भरली होती. बायको उंबऱ्यात बसून पदरानं वारा घेत होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "सगळ्यांना एकेक शेवट दिलास. मला कोणता?"

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही होता की तिथं. उठा, तो शेवटचा हंडा आत घ्या."