अण्णांनी राखलेले फोटो

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सेलूच्या एका कापूस जिनिंगच्या गेटवर पंचवीस वर्षं राखणदार होते. कापसाला आग लागू नये म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाची काडीपेटी आणि बिडीबंडल काढून घ्यायचं, हे त्यांचं काम. मालकाचा जावई आला तरी त्याचा खिसा तपासल्याशिवाय अण्णा बाजूला होत नसत. शिक्षण सातवीपर्यंत.

मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर, मला परभणीला नोकरी लागल्यावर, सेलूच्या घरीच राहिला. निवृत्त अण्णा त्याच्यासमोर बसू लागले. एका बोटानं टाइप करत ते शिकले आणि मग त्यांनी स्वतःच एक काम अंगावर घेतलं: आमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांचे फोटो जमा करायचे. धम्मदीक्षेनंतरची पहिली लग्नं, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, विहाराचा पाया खोदणारे लोक. घरोघरी जाऊन फोटो मागायचे, स्टुडिओतून स्कॅन करून आणायचे, मूळ फोटो ज्याचा त्याला परत करायचा आणि कॉम्प्युटरवर प्रत्येकाखाली नाव लिहायचं.

एकदा मी सुट्टीला घरी गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पोरी, पडद्याच्या ह्या कोपऱ्यात ढालीवर लाल फुली दिसायलीय. ती कशाची?"

ती फुली माझ्यामुळेच होती. मराठी टायपिंगचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर ओळखीच्यांकडून आणलं होतं. ते बसेना म्हणून मी अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही बंद केले होते आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं.

"राहू द्या अण्णा. ते चालू केलं की मशीन हळू चालतं. आणि आपल्या घरात चोरायला हाय काय?"

"चोरायला नसंल. जळायला हाय ना," अण्णा म्हणाले. मी हसले आणि विषय सोडून दिला.

दोनेक महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. स्टुडिओतून आणलेला पेनड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरांवर छोटे बाण आलेले. एकावर क्लिक केलं तर काळी खिडकी चमकून गेली, फोटो उघडलाच नाही.

"मग काय केलं तुमी?" मी घाबरून विचारलं.

"पेनड्राइव्ह उपसला, इंटरनेटची वायर काढली, मशीन बंद केलं. हात न्हाई लावला नंतर कशाला. तू ये."

ऑफिसातली शिकलेली माणसं अशा वेळी दहादा क्लिक करून बघतात. अण्णांनी एकदाच केलं आणि थांबले.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी सेलूला गेले. वाटेत मी कुणाकुणाचे फोटो त्यात होते ते आठवत राहिले. मूळ फोटो लोकांना परत गेलेले. त्यांतल्या एका म्हातारीकडे नवऱ्याचा तेवढा एकच फोटो होता आणि तोही ओलीनं खराब होत चाललेला. घरी पोचल्यावर आधी ते फुकटातलं सॉफ्टवेअर काढून टाकलं. दोन्ही संरक्षणं चालू केली, अपडेट घेतले, पूर्ण तपासणी लावली. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले. व्हायरस सापडला, निघाला. पेनड्राइव्हवरचे फोटो गेले नव्हते, नुसते लपवले गेले होते. ते एकेक करून परत दिसू लागले तेव्हा अण्णांनी डोळे पुसले आणि मी मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी होती."

"होती," ते म्हणाले. "आता नीट समजावून सांग. फायरवॉल काय करती, अँटिव्हायरस काय करतो?"

मी सांगितलं: फायरवॉल बाहेरून कोण येतंय, आतून कोण जातंय ते बघते, आत शिरलेलं वाईट काही असेल तर ते अँटिव्हायरस शोधतो. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करायला लावली. ती कपाटात.

त्यांची खरी परीक्षा मी सणाला घरी गेले तेव्हा झाली. शेजारचे निवृत्त मास्तर पेन्शनचा कागद कॉम्प्युटरवर बघायला आले होते. अचानक पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मास्तरांनी खिशातून मोबाइल काढलासुद्धा. "लावा अण्णा, लवकर लावा!"

मी स्वयंपाकघरातून धावले, पण दारातच थांबले. अण्णा शांत होते.

"मास्तर, आपून कुणाला बोलावलं होतं का?"

"न्हाई."

"मग ह्यो आला कुठून? ठेवा फोन खिशात." त्यांनी कीबोर्डवरची बटणं दाबून ती खिडकी बंद केली, ढाल हिरवी आहे ना ते बघितलं, तपासणी लावली आणि मास्तरांना म्हणाले, "चहा घ्या तोवर."

एप्रिलमध्ये विहाराच्या हॉलमध्ये ते सगळे फोटो लागले. त्या म्हातारीनं नवऱ्याच्या मोठ्या केलेल्या फोटोपुढे बराच वेळ उभं राहून त्याचा फेटा हातानं नीट केल्यासारखं केलं. अण्णा दूर उभे होते, नव्या सदऱ्यात.

परवा ऑफिसातल्या एका मॅडमनी मला विचारलं, "घरच्या कॉम्प्युटरला खरंच लागतं का हो हे सगळं?" मी त्यांना अण्णांचा नंबर दिला. म्हटलं, दहानंतर करा, तोवर ते पेपर वाचतात.