नीलगाय आणि माझी मनःशांती

ज्या रविवारी नीलगायीने आमची बाग फस्त केली, त्या रविवारी मी त्याच बागेत, तिच्यापासून चार हातांवर, मांडी घालून मनःशांती मिळवत होते.

हसू नका. हसायला त्या दिवशी घरचेच पुरेसे होते!

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडातल्या स्वतःच्या घरात राहायला आलो, तेव्हा आमच्या सेक्टरला नंबर मिळाला होता, बाकी सगळं मिळायचं होतं. टीव्हीवर चाळीस चॅनेल दिसायचे, पण नळाला पाणी सकाळी पाऊण तास. (तेही मोटर लावली तर. आणि मोटर कधी? वीज असली तर!) शेवटच्या गल्लीपलीकडे गव्हाची शेतं सुरू व्हायची. ह्यांची ऑफिसची बस उशिरा आली की मला काळजी, सातवीतल्या मधुराला गणितात कमी पडले की काळजी, सासूबाई गच्चीत एकट्या गेल्या की काळजी. त्यात मी हौसेने घरापुढच्या वीतभर जमिनीत डेलिया लावले. म्हणजे अळीचीही काळजी आलीच.

शेवटी चक्कर आली. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून फुस्‌फुस् हवा भरली आणि म्हणाले, "मॅडम, टेन्शन मत लीजिए."

मला सांगा, टेन्शन काय रेशनच्या दुकानात मिळतं, म्हणून मी पिशवी घेऊन रांगेत उभी राहते? पण त्या दिवसापासून घरात सगळ्यांना तेवढं एकच वाक्य सापडलं. गॅस संपला, "टेन्शन नको घेऊस." मोटर जळली, "टेन्शन नको घेऊस." अहो, मग तुम्ही घ्या! कोणीतरी घेतल्याशिवाय मोटर दुरुस्त होते का?

फेब्रुवारीत सेक्टरच्या कमिटीने बागांची स्पर्धा जाहीर केली आणि माझी झोप उडाली. मुख्य परीक्षक होते निवृत्त कर्नलसाहेब, जे गवतसुद्धा सावधान उभं राहावं अशी अपेक्षा ठेवत. आणि प्रतिस्पर्धी होत्या शेजारच्या मिसेस खुराना. त्यांचे डेलिया बशीएवढे. माझे ताटलीएवढे! (ह्यांच्या मते दोन्ही सारखेच. ह्यांना बशी आणि ताटली यातला फरक लग्नाला पंधरा वर्षं होऊनही कळलेला नाही.)

स्पर्धेच्या दोन दिवस आधी खुरानाबाई एक कॅसेट घेऊन आल्या. "भाभीजी, आप बहुत टेन्शन लेती हैं. ये सुनिए, मन एकदम शांत!"

शत्रूने दिलेली वस्तू घ्यायची नसते, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं.

रविवारी अकरा वाजता परीक्षक येणार होते. मी पहाटेपासून पानं पुसत होते. दहा वाजता पुसण्याच्या नादात मीच एक कळी मोडली. मग मात्र मी ठरवलं, आता शांत व्हायचंच, काय वाट्टेल ते झालं तरी! चांगली इस्त्रीची साडी नेसले, अंबाड्यात एक शेवंती खोचली, हिरवळीवर सतरंजी घातली आणि टेपरेकॉर्डर मांडला. घरच्यांना व्हरांड्यात उभं करून बजावलं.

"अर्धा तास मला कोणीही हाक मारायची नाही. दूध उतू गेलं, फोन वाजला, आभाळ कोसळलं, तरी नाही!"

"आणि भूकंप आला तर?" मधुराने विचारलं.

"तरीही नाही!"

कॅसेटमधला माणूस फार मधाळ बोलत होता. "आँखें बंद कीजिए. आसपास की आवाज़ें आएँगी. आने दीजिए. उन पर ध्यान मत दीजिए."

आवाज आले. फाटक करकरलं. मी ध्यान दिलं नाही. मग कचाकच, कचाकच असं चावणं ऐकू आलं. मला वाटलं, हे काकडी खाताहेत. इतक्या जोरात खातात का कोणी, असा राग आला, पण तोही जाऊ दिला. एक कुंडी पडली. जाऊ दिली! घरातून सासूबाईंचा "या गं बाई, या" असा आवाज आला. पाहुणे आले असतील, म्हटलं बसतील. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचंही काही वाटत नव्हतं. काय ते सुख!

"अब गर्दन पर एक हल्की-सी हवा महसूस कीजिए."

आणि काय सांगू, खरंच जाणवली! मानेवर ऊन ऊन श्वास आला. किती प्रभावी कॅसेट, असं मनात येतंय तोवर अंबाड्यातली शेवंती कोणीतरी अलगद ओढली.

माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षांत ह्या माणसाने माझ्या केसांतल्या फुलाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आज दिवसाढवळ्या, अंगणात! मी लाजून, डोळे न उघडता पुटपुटले, "अहो, काय हे! आई बघताहेत ना!"

उत्तरादाखल कचाकच आवाज आला.

मी डोळे उघडून मागे वळले. घोड्याएवढं एक मातकट धूड माझी शेवंती चघळत माझ्याकडे बघत होतं. त्याच्या मागे जिथे डेलिया होते, तिथे नुसत्या काड्या! बावीस काड्या! मी किंचाळायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. उठायला गेले, तर दोन्ही पायांना मुंग्या. तशीच पुतळ्यासारखी बसून राहिले.

आणि नेमके त्याच क्षणी कर्नलसाहेब दोन परीक्षकांसह फाटकात येऊन उभे राहिले.

"कोई हिलेगा नहीं!" त्यांनी दबक्या आवाजात हुकूम सोडला.

मी कशाला हिलते? नीलगायीने माझ्याकडे, मग कर्नलसाहेबांकडे पाहिलं, शेवंती गिळली आणि कुंपणावरून उडी मारून शेताकडे निघून गेली. कर्नलसाहेब माझ्याजवळ येऊन कौतुकाने म्हणाले, "वाह मिसेस सोनी! इतना नुकसान, और चेहरे पर शिकन तक नहीं!" (आमचं आडनाव सोवनी. दिल्लीकडे ते कोणालाही पेललेलं नाही.)

कपाळावर आठी कशी दिसणार? चेहरा बधिर झाला होता!

पहिलं बक्षीस अर्थातच खुरानाबाईंना. मंडळी गेली, पायांतल्या मुंग्या गेल्या, आवाज परत आला, आणि मी घरात शिरले.

"एकालाही मला उठवावंसं वाटलं नाही?"

"आई, पण तूच बोलली होतीस, भूकंप आला तरी नाही!" मधुरा म्हणाली.

"फाटक कोणी उघडं टाकलं?"

"तूच. कर्नल अंकलना वेलकमिंग वाटावं म्हणून."

"आणि आई, तुम्ही 'या गं बाई' म्हणत होतात, ते कोणाला?"

"दारी आलेली गाय हाकलायची का?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "खिडकीतून गूळपोळी दिली तिला. दोन खाल्ल्यान हो!"

म्हणजे घरात तिचा चक्क पाहुणचार झाला होता! मी ह्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्ही काय करत होतात?"

"मी फोनवर होतो ना," हे दुखावल्या स्वरात म्हणाले. "नीलगाय कोणत्या डिपार्टमेंटकडे येते, ते विचारत होतो. वन की उद्यान? कोणी धड सांगेना. लेखी अर्ज द्या म्हणाले."

"अहो, काठी घेऊन बाहेर यायचं!"

"मध्ये तू बसली होतीस. तुला ओलांडून जायचं म्हणजे..." हे थांबले. "तिची एवढी भीती नव्हती वाटली."

त्यानंतर मी जे बोलले ते खुरानाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण त्यांच्याकडचा मिक्सर बंद झाला. पण कर्नलसाहेबांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. संध्याकाळी त्यांनी सगळ्या सेक्टरसमोर जाहीर केलं, की आजचं धैर्य पाहून कमिटीने महिलांसाठी मनःशांतीचा वर्ग सुरू करायचं ठरवलं आहे आणि तो मिसेस सोनी घेतील.

नाही म्हणायची सोयच नव्हती. तेव्हापासून दर शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये मी पंचवीस बायकांना राग आणि काळजी सोडून द्यायला शिकवते. वर्ग छान चालतो. सगळ्या अगदी वेळेवर येतात, डोळे मिटून निमूट बसतात, आणि श्वाससुद्धा मी सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. पहिल्याच दिवशी एक बाई पाच मिनिटं उशिरा आली होती. तिला मी काय बोलले, ते सगळ्यांनी ऐकलं आहे!