आबांच्या चपला

"धरा ह्या, पावणं," असं म्हणून आबा पायातल्या चपला काढायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मग धोतराचा सोगा खोचून जागेच्या कडेकडेनं अनवाणी पावलं मोजत निघायचे. त्या काळात ज्यांनी कोल्हापुरात जागा घेतली, त्यांनी हे ध्यान पाहिलं असेलच. कोणी वकील, कोणी शाळामास्तर दुसऱ्याच्या चपला हातात धरून उन्हात उभा, आणि आबा आपले बांधावरून चाललेले.

"खाली ठेवल्या तर काय होईल?" पहिल्याच दिवशी मी तडकून विचारलं होतं.

"कुत्रं न्हेतंय. आनि हात मोकळं असलं की गिऱ्हाईक उगंच हातवारं करून दर पाडतंय."

आबा जागांचे दलाल. मी गुळाच्या अडतीत तोलाईवर. संस्थान विलीन झालं त्या सुमाराची ही गोष्ट. भाड्याच्या एका खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो आणि घरमालक रोज काही ना काही बोलायचा. स्वतःची जागा घ्यायची, या एका गोष्टीनं मला पछाडलं होतं. खिशात होते दीडशे रुपये. आकडा ऐकून आबा हसले नाहीत, एवढं मला आठवतं.

"दीडशेत जागा येत न्हाय," ते म्हणाले. "दीडशेत मुदत येतीया. मुदत घ्या."

रंकाळ्यापलीकडे एका माळ्याची पंधरा गुंठे पडीक जमीन होती. दीडशे रुपये इसार देऊन आबांनी ती माझ्यासाठी चार महिने धरून ठेवली. तेवढ्यात बाकीची रक्कम द्यायची, नाही तर इसार बुडाला. चार महिने मी आणि आबा गिऱ्हाइकं शोधत फिरलो. जागेचे तीन तुकडे पाडले. दोन तुकडे एका मास्तरांना आणि एका कारकुनाला जरा चढ्या दरानं दिले, त्यांच्या पैशांतून माळ्याची किंमत भागली आणि कोपऱ्याचा तुकडा माझा झाला. पैसे जमायला मुदतीवर चार दिवस जास्त लागले होते. पण माळी काही बोलला नाही. माझ्या आवाजाला दबला असेल, असं मी धरून चाललो.

खरेदीपत्र झालं त्या दिवशी आबांनी त्या कोपऱ्यावर बसून फडक्यातली भाकरी सोडली. अर्धी मला दिली. "गोड लागली न्हवं? मग जागा चांगली." त्यांची परीक्षा एवढीच.

पुढं मी तयार झालो. घासाघिशीत माझा हात धरणारा कोणी उरला नाही. आवाज चढवायचा, उठून चालायला लागायचं, चार पावलांवर थांबायचं. समोरचा हाक मारतोच. आबा म्हणायचे, "मर्दा, तुला जागा नको असती. तुला माणूस वाकलेला बघायचा असतोय." मी हसण्यावारी न्यायचो.

पाच-सहा वर्षांनी नाक्यापलीकडची एक जमीन आली. मालकीण एकटी बाई, नवरा वारलेला. हा एक व्यवहार साधला असता तर मी अडत कायमची सोडणार होतो. बाईंना तासभर घोळवून मी दर निम्म्यावर आणला. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून आबा अनवाणी परत आले.

"आक्का, थांबा जरा. तिकडच्या अंगाला नव्या रस्त्याच्या खुट्ट्या ठोकल्यात, ताज्या. चार ठिकानी दर इचारा, मग बोला."

"तू माझा दलाल की तिचा?" मी ओरडलो. आबांना 'तू' म्हणायची ती माझी पहिली वेळ.

"दलाल तुमचाच," ते शांतपणे म्हणाले. "पर खुट्ट्या दिसल्या की."

माझ्या हातात त्यांच्या चपला होत्या. मी त्या शेजारच्या विहिरीत फेकल्या.

आबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "नव्या हुत्या, मर्दा," एवढंच बोलले, आणि वैशाखातल्या भर उन्हात खडीच्या रस्त्यानं अनवाणी निघून गेले. मी सायकलवरून त्यांच्या शेजारून पुढं गेलो. थांबलो नाही.

त्या खुट्ट्या मी आदल्या दिवशीच पाहून ठेवल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तरीही अन्याय माझ्यावरच झाला, असं मी धरून बसलो. आबांनी बाईंकडून पैसे खाल्ले, असं अडतीत, चहाच्या दुकानात, जिथं बसेन तिथं सांगितलं. माझा आवाज मोठा, लोकांना ते पटलं. वर्षभरात आबांकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. मग ते दिसायचेच बंद झाले.

कोपऱ्याच्या तुकड्यावर मी घर बांधलं. वास्तुशांतीला त्या माळ्यालाही बोलावलं. जेवून उठताना तो म्हणाला, "तुमचं आबा न्हाईत आलं?"

मी तोंड वाकडं केलं.

"तुमची मुदत टळल्याली. लाकडाच्या वखारीचा मालक रोख रक्कम घेऊन माझ्या दारात. मी देनार हुतो. तुमचं आबा तीन दिवस माझ्या कट्ट्यावर बसून. म्हनले, पोरगं येतंय, सात मानसं हाईत घरात. वखारवाला त्येस्नी दुप्पट दलाली द्यायला लागल्याला. न्हाई म्हनले."

आत बायका पानं वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चपला घ्यायला गेलो. दुकानदारानं दर सांगितला आणि मी तेवढे पैसे काढून दिले. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला. आबा पेठ वडगावला मुलीकडे राहतात असं कळलं होतं. मोटारीनं तिथं पोचलो.

मुलगी दारातच भेटली. मी कोण ते सांगितलं. तिनं ते नाव ऐकलेलं असावं. पण बसायला घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाली, "आबा दिवाळीच्या आदीच गेलं."

मी कागद सोडून चपला पुढं ठेवल्या. तिनं एक उचलली, आपल्या वितीनं मापून पाहिली.

"लई मोठ्या आनल्यासा, दादा. आबांचा पाय बारका हुता."

कुठलीही जमीन नुसती बघून मी गुंठे सांगतो. गुंठाभराचाही फरक पडत नाही. त्या माणसाच्या चपला मी किती वेळा हातात धरून उभा राहिलो असेन.

"ऱ्हाऊ द्या, घेऊन जावा," ती म्हणाली.

परतीच्या मोटारीला तासभर अवकाश होता. फाट्यावर सावली नव्हती. चपला खाली ठेवाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही.