जिंकलेल्यानं द्यायचं

खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि आई म्हणाली, “बस खाली. एक डाव खेळू.”

माझ्या तळहातावर दही-साखर, डोळ्यांत पाणी. बॅगेत कारळाची चटणी, खारोड्या आणि दोन स्वेटर. अण्णा, म्हणजे माझे वडील, चपला घालून दारात ताटकळलेले. “अगं, इमान हाय ते. यष्टी हाय का, हात केला की थांबायला?” आईनं लक्षच दिलं नाही. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांतल्या फरशीवर मांडी घालून तिनं पत्ते वाटले. दुकानातले राजा-राणीचे नव्हेत, लग्नपत्रिकांच्या पाठीवर स्केचपेननं काढलेले आमचे पत्ते.

त्या दिवशी आई जिंकली. जन्मात पहिल्यांदा. मी रडत खेळले म्हणून हरले, असंच मला वाटलं. आमच्यात जिंकलेल्यानं द्यायचं असतं, म्हणून तिनं स्वतःच्या गड्डीतला भाकरीचा पत्ता काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, “आता जा.”

आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर शबाना मागं लागलीय, की ही उलटी रीत कुठून आली ते एकदा लिही बाई, नवी पोरं विचारतात. तर तिथं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पुण्याला, दुबईला, कुठं कुठं गेलेल्यांनो, ऐका.

आम्ही मूळचे पिशोरचे. आमच्या घरात पत्त्याला शिवायचं नाही, अशी शपथ होती. माझे चुलते बाजाराच्या दिवशी पत्ते कुटायला बसायचे आणि त्या नादात विहिरीकडचं रान गेलं. त्यानंतर अण्णांनी देवळात बेलभंडारा उचलला, की आमच्या उंबऱ्याच्या आत पत्ता येणार नाही. उरलेल्या रानात दोन भावांचं भागेना. अण्णांना वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम लागलं आणि आम्ही बजाजनगरला आलो. मी तेव्हा चौथीत होते. आईनं कंपनीतल्या एकट्या पोरांसाठी डबे सुरू केले.

बिल्डिंगमध्ये मला कोणी खेळायला घेईना. मी तोंड उघडलं की पोरं हसायची. “म्या नाय येत” म्हटलं की माझी नक्कल करत जिन्यातून पळायची. (होय, तुम्हीच. आता ग्रुपवर हात जोडणारे इमोजी टाकू नका.) मी आईला म्हणायचे, “चल ना परत पिशोरला.” ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “रस्ता तिथंच हाय. कुठं पळून नाय जायचा. आदी इथं एक तरी माणूस जोड.”

माणूस जोडला गेला तो त्या कार्टूनमुळं. समोरच्या घरात शबाना राहायची. तिच्या अब्बांचं गॅरेज होतं आणि घरात रंगीत टीव्ही. संध्याकाळी साडेपाचला तिथं सगळी बिल्डिंग जमायची, मी दाराशी उभी. जपानचं कार्टून, पण हिंदीत बोलणारं. लाल मफलरवाला एक पोरगा, त्याच्याजवळ पत्त्यांची गड्डी, आणि जगातली सगळी भांडणं पत्ते खेळून मिटवायची! पत्ता टाकला की त्यातून अजगर निघायचा, चिलखतवाला निघायचा, समुद्र निघायचा. एक पत्ता टाकायला तो पोरगा अर्धा भाग घ्यायचा. डोळे मिटणार, आपल्या मेलेल्या मास्तरांना आठवणार, वाऱ्यावर मफलर उडणार, मग ओरडणार आणि मग पत्ता. अण्णांनी एकदा जाता जाता पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या मशीनवर एक पीस काढायला इतका येळ लावला, तर सायेब दुपारीच घरी धाडंल.”

आणि ऐन लढाईत लाइट जायची. लोडशेडिंग. अजगर तोंड उघडून उभा, आणि टीव्ही काळा. एकदा असाच अंधार झाला आणि पोरं भांडायला लागली, की कोण जिंकलं असेल. मी दारातूनच बोलले, “समुद्राचा पत्ता त्यानं अजून टाकलाच नाय की! तो राखून ठिवलाय त्यानं.” कोणी हसलं नाही. शबाना म्हणाली, “ए, आत ये. तेरेको सब याद है क्या?” मला सगळं पाठ होतं. दारात उभं राहणाऱ्याला दुसरं काम काय असतं?

मग आम्ही कार्डं करायची ठरवली, आणि इथं शपथ आडवी आली. आईला कळलं. “पत्ते? टीव्हीवर पत्ते शिकवायलेत?” ती तणतणत शबानाच्या घरी आली, परातभर लसूण सोलायला घेऊन, म्हणजे रागावतानाही वेळ वाया नको. शबानाच्या आईनं, म्हणजे आमच्या चाचीनं, तिला पाट दिला. त्या दिवशी नेमका मफलरवाला हरला. जिंकणाऱ्यानं त्याचा अजगराचा पत्ता हिसकावून घेतला, कारण त्या कार्टूनमध्ये तशीच रीत होती. पोरगा गुडघ्यावर बसून रडला. मी घाबरून आईकडं पाहिलं. तिच्या हातातला लसूण तसाच होता.

“जिंकला बी आन् वरून त्याचंच घेतलं?” ती टीव्हीला म्हणाली. “आरं, हरलेल्यापाशी काय ऱ्हायलंय? ज्याच्यापाशी हाय त्यानं द्यावं का नाय?”

चाची म्हणाली, “सच बात है, भाबी.”

रात्री जेवताना आईनं अण्णांपुढं खटला मांडला. जुगारात जिंकलेला घेतो. आपल्या पोरीच्या खेळात जिंकलेला देईल, आणि चांगला पत्ता देईल, फाटकातुटका नाही. मग हा जुगार कसा? हे तर दान झालं. अण्णा भाकरी चावत राहिले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “खेळू दे. मी शिवणार नाय.”

पण माणूस हाडाचा कारागीर. आमच्या कात्रीनं वाकडे-तिकडे कापलेले पत्ते त्यांना बघवेनात. दुसऱ्या आठवड्यात ते कंपनीतल्या मित्रांकडून जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आले आणि पट्टी लावून एकसारखे तुकडे कापून दिले. आई म्हणाली, “आन् शपथ?” तर म्हणाले, “चितर काढल्यावर पत्ता हुतो. तवर तो कागद.”

आमच्या पत्त्यांच्या पाठीवर गणपती असायचा, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असायचं, शबानाच्या पत्त्यांवर निकाहच्या दावतनाम्याची सोनेरी वेलबुट्टी. त्यामुळं कोणाच्या हातात कोणता पत्ता आहे ते पाठीवरूनच कळायचं आणि त्यावरून रोज मारामाऱ्या. पुढच्या बाजूला आमचं जग. पोळ्याचा बैल. पाण्याचा टँकर, जो मेलेल्यांना उठवायचा. लोडशेडिंग, जे टाकलं की समोरच्याची सगळी सेना आंधळी. आईला चित्र काढता येत नव्हतं. तिनं डब्याचं झाकण ठेवून एक गोल काढला आणि म्हणाली, ही भाकर. ताकद किती, विचारलं तर म्हणाली, “ही कोणाला हरवत नाय. पोट भरती.”

उलट्या रीतीचा परिणाम असा झाला, की रोज जिंकणारा हळूहळू कंगाल व्हायचा आणि रोज हरणाऱ्याची गड्डी दांडगी व्हायची. मग तो जिंकायला लागायचा. कोणीच कायमचं हरलं नाही, म्हणून कोणी खेळ सोडून गेलं नाही. मी खेळून घरी आले की आई कधी “जिंकलीस का?” विचारायची नाही. विचारायची, “आज काय दिलंस?” पिशोरला परत जायचं मी कधी बोलायची थांबले, ते माझं मलाच कळलं नाही.

पुढं मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, वाळूजमध्येच क्वालिटीत नोकरी, संध्याकाळी जपानी भाषेचा क्लास. जपानीच का, हे तुम्हाला सांगायला नको. मग नागोयाजवळच्या एका गावात सुटे भाग करणाऱ्या छोट्या कंपनीत बोलावणं आलं, आणि खाली गाडी उभी राहिली.

पहिला हिवाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. माणसं वाईट नव्हती हो. उलट लई नम्र. शिफ्ट संपली की वाकून ‘दमलात, आभार’ म्हणायची आणि जायची. शनिवार-रविवार माझ्या तोंडातून शब्द निघायचा तो फक्त दुकानात पिशवी नको म्हणताना. खोलीत हीटरचा आवाज आणि मी. माझं ठरलं, की बास. फोनवर आईला सांगून टाकलं, “संक्रांतीला येते मी. कायमची.”

मला वाटलं होतं ती रागवेल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, “ये की. घर तुझंच हाय.” मग, “तिथं कोणाला काय दिलंस का अजून?”

मी चिडले. “काय देऊ? इथं कोणाला कशाची गरजच नाहीये!”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

त्याच रविवारी स्टेशनकडं जाताना एका जिन्याच्या तोंडाशी पोस्टर दिसलं. लाल मफलर! मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं मराठीत म्हणाले, “अगं बाई, हा इथं?” वर गेले. कार्डांचं दुकान, मागं लांब टेबलं आणि टेबलांवर माणसं खेळत होती. शाळेतल्या पोरी, ऑफिसवाले, म्हातारे. मी नवशिक्यांची गड्डी घेतली. माझ्यासमोर हिराता-सान बसले, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, टक्कल, कोट नीट घडी करून मांडीवर. निम्मे नियम मला कार्टूनमुळं माहीत होते, निम्मे नशिबानं जमले. मी जिंकले.

आणि माझ्या हातानं सवयीनं स्वतःच्या गड्डीतला सगळ्यात झकास पत्ता काढून, दोन्ही हातांनी, त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांना वाटलं पत्ता खराब निघाला आणि मी तक्रार करतेय. दुकानवाली धावत आली, पत्ता उजेडात धरून पाहिला, माफी मागायला लागली. माझं जपानी तेव्हा तुटकं. घाबरून मी जे आलं ते बोलले, “माझी आई. नियम. जिंकलं, दिलं.” हिराता-सान उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी पत्ता घेतला आणि वाकले.

आता तिकडची रीत अशी, की कोणी काही दिलं की परत काही दिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी ते घरी दोरीला बांधून वाळवलेली गोड फळं घेऊन आले. मग मला काही नेणं आलं. मी कारळाची चटणी नेली. त्यांच्या टकलावर घाम फुटला, पण सोडली नाही. मग त्यांच्या शेजारचीनं चाखली. मग तिनं लोणचं आणलं. संक्रांतीला मी तिळगूळ खाल्ला तो त्या टेबलावर, बारा माणसांत वाटून. त्यांना ‘गोड बोला’ म्हणायला शिकवलं. त्यांनी ते इतकं अवघड करून म्हटलं की मी पोट धरून हसले. घरी फोन केला, “आई, नाही येत.” तिकडून अण्णांचा आवाज आला, “येत नाय म्हंती तर हसायली का?”

टेबलाच्या एका टोकाला अजूनही रविवारी आपली उलटी रीत चालते. ‘बाजाजु-नगारु’ म्हणतात ते. हिराता-साननीच मला ते कार्टून जपानीत, शेवटच्या भागापर्यंत दाखवलं. मफलरवाला मूळचा लई मितभाषी आहे. हिंदीतल्या त्या आरोळ्या कोणी आपल्या मनानं घातल्या होत्या कोणास ठाऊक, पण मला तोच आपला वाटतो.

गेल्या वर्षी हिराता-सान गाव सोडून लेकीकडं होक्काइदोला निघाले. सत्तरी उलटलेला माणूस, पहिल्यांदाच घर सोडत होता. शेवटच्या रविवारी त्यांचा चेहरा पाहिला आणि पिशोरच्या स्टँडवरचे अण्णा आठवले, डोक्यावर गाठोडं, सारखे मागं बघणारे. आम्ही एक डाव खेळलो. मी जिंकले. द्यायचं तर चांगलं द्यायचं. मी फोनच्या कव्हरमधून भाकरीचा पत्ता काढला.

“याची ताकद किती?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही. पोट भरतं.”

त्यांनी तो बसच्या पासाच्या पाकिटात ठेवला. घरी येऊन मी रडले, पण ते रडणं पहिल्या हिवाळ्यातलं नव्हतं.

आईला सांगितलं तर ती इतकी खूश झाली, की शेजारीपाजारी सांगून आली, माझी भाकर बर्फात गेली म्हणून. मला मात्र दुसरी भाकर पाहिजे. ती मागून मिळत नाही. मी हरायला पाहिजे, आई जिंकायला पाहिजे, मगच ती देणार.

आम्ही दर रविवारी व्हिडिओवर खेळतो. त्यांची सकाळ, माझी दुपार. आई दरवेळी हरते, आणि मला इथून एक पत्ता काढून पोस्टानं पाठवावा लागतो. मी म्हणायचे, वय झालं, विसरायला लागली. एकदा शबाना तिथं बसली होती. अजून समोरच राहते, आता तिची पोरं आईच्या हातचं खातात. ती कॅमेऱ्यात डोकं घालून ओरडली, “अगं, तुझी आई जानबूझके हारती! बैल हातात घेऊन बसली, टाकत नाही. तुझ्या हातचा कागद आला की दोन दिवस उशाखाली ठेवते.”

आई म्हणाली, “गप गं चहाडखोर.”

तेव्हा मला गाडी खाली उभी होती तो डाव आठवला. मी रडत होते म्हणून हरले नव्हते. तिला द्यायचं होतं.

घर म्हणजे काय, हे मला कोणी इथं विचारलं तर मी पिशोरचं नाव सांगते, बजाजनगरचं सांगते, आणि आता त्या टेबलाचंही. तिन्ही ठिकाणी कोणीतरी आधी मला काही दिलं. त्याचं ओझं वाटत नाही, आधार वाटतो. तुम्हा सगळ्यांचं लई देणं लागते मी. फिटू नये असं वाटतं.

तर आता दर रविवारी असं चालतं. मला भाकर पाहिजे म्हणून मी हरायला बसते. माझा पत्ता पाहिजे म्हणून आई हरायला बसते. ती टँकर टाकून मला उठवते, मी लोडशेडिंग हातात असून टाकत नाही. तासभर डाव हलत नाही. फोन अण्णांनी धरलेला असतो. पत्त्याला शिवायचं नाही, पण फोन धरायला शपथ आडवी येत नाही. परवा शेवटी पडदा हलायला लागला आणि मागून त्यांचा आवाज आला, “आगं, जिंका की कोणीतरी एकदाच्या. हात भरून आला माझा.”