कागदात नसलेलं वाक्य

बँकेला फोन लावल्यावर ‘मराठीसाठी तीन दाबा’ म्हणणारी जी बाई असते, तिच्यावर लोक किती चिडतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती बाई मीच. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ही लोणकढी थापही माझ्याच तोंडची. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलंय की भांडण पेटलं की आम्ही आपोआप कानडीत शिरतो. पण काचेच्या खोलीत माइकसमोर बसले की माझी मराठी अशी धुतल्या तांदळासारखी होते, की माझ्या अक्काला हसू आवरत नाही.

बसवनगुडीत आमच्या घराजवळच एक लहानसा स्टुडिओ आहे. तिथं एकदा बायबलचं काम आलं. ख्रिस्ती धर्माबद्दल लोकांना नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, फोनवर ऐकता येतील अशी, बऱ्याच भाषांत. मराठी आवाज माझा. मी आधीच सांगून टाकलं, बाबा रे, मी ख्रिस्ती नाही, माझ्या घरी दर गुरुवारी दत्ताला हार असतो. काम बघणारा कानडी माणूस म्हणाला, “परवागिल्ला, चालतं मॅडम, आवाजाला कुठला धर्म?” त्याचं काही अडत नव्हतं, तर माझं कशाला अडेल?

देव एक की तीन, बायबल कुणी लिहिलं, देव चांगला आहे तर जगात एवढं दुःख का, असे ते प्रश्न. एक की तीन ह्यात मला तरी काही अवघड वाटलं नाही. तीन तोंडांचा दत्त बघतच मी मोठी झाले. तसं म्हटलं तर तो माणूस घाबरून म्हणाला, “मॅडम, ते आत घालू नका हां.” भाषांतर मात्र भयंकर होतं. ‘ज्याअर्थी’ म्हणून वाक्य सुरू व्हायचं आणि ‘त्याअर्थी’ येईपर्यंत माझा श्वास संपायचा. स्टुडिओत मराठी कळणारं दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं मला मुभाच दिली होती, “स्वल्प सोपं करा, तुम्हीच बघा.” म्हणून मी जिभेला जड जाईल ते सरळ करत गेले.

मग एक प्रश्न आला. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बाळ वारलं, तर त्याचं काय होतं? खाली अर्धं पान उत्तर. शास्त्र ह्याविषयी स्पष्ट शब्दांत बोलत नाही, तथापि देवाची दया पाहता आशा बाळगण्यास वाव आहे, वगैरे वगैरे. मी दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा माझं डोकंच सणकलं. वाव आहे? कुणा आईचं पोर गेलंय, आणि हा शहाणा तिला वाव दाखवतोय! मी हेडफोन काढला आणि काचेतूनच ओरडले, “हे असलं मी वाचणार नाही.” तो म्हणाला, “मग?” मी म्हटलं, “सोपं करते.” “सरी, माडि मॅडम,” म्हणाला. बरं, करा म्हणाला, मी केलं. ‘तुमचं बाळ देवाजवळ आहे. सुखात आहे.’ बस्स. पुढचा प्रश्न नाताळ डिसेंबरातच का, हा होता. तो वाचला, घरी आले, विसरून गेले.

बऱ्याच महिन्यांनी मी गिरणीत उभी होते. ज्वारीचं दळण चाललेलं, आणि फोनवर अक्का. तिला जे. पी. नगरला घरपोच चटणी हवी होती. “मी काय तुझी कुरिअर आहे का गं? मेट्रोत बस आणि ये की उठून!” असं मी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून चाललेलं असताना कुणीतरी माझं मनगट धरलं. बघते तर तिशीतली एक बाई, गळ्यात ऑफिसचं कार्ड, दुसऱ्या हातात पिठाचा डबा. चेहरा पांढराफटक.

“तुम्हीच की हो त्या,” ती म्हणाली. “प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या ताई.”

अगं बाई! आजवर मला कुणी कधी ओळखलं नव्हतं. कोण ओळखणार, मराठीसाठी तीन दाबावाल्या बाईला? क्षणभर मला गुदगुल्याच झाल्या, खोटं कशाला बोलू. मी हसून म्हटलं, “हो हो, मीच.” तर ती भर गिरणीत, त्या पीठ उडणाऱ्या हवेत, माझ्या पायाशी वाकली.

माझी हबेलंडीच उडाली. तिला उठवलं, कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात नेलं, कॉफी घेतली. बाई खानापूरकडची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर, ती इथं जवळच एका ऑफिसात. वर्षापूर्वी तिला मुलगा झाला आणि दिवस उजाडायच्या आत गेला. फादर येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. आणि सगळे म्हणत होते बाप्तिस्मा नाही झाला, बाप्तिस्मा नाही झाला.

“त्यानंतर मी जेवत नव्हते, ताई. मग फोनवर तुमचं ते मिळालं. तुम्ही म्हणालात, देवाजवळ आहे, सुखात आहे. मी रोज ऐकते. ऐकल्याशिवाय ऑफिसला जात नाही. त्यावरच उभी आहे बघा मी.”

उभ्या टेबलावर माझी कॉफी तशीच राहिली. एखादी बाई आपल्या वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य आपण कसं, का, कुठल्या तिरमिरीत बोललो ते आपल्याला ठाऊक आहे. काय करायचं असतं अशा वेळी? कुणी शिकवलंय?

“आता फक्त एवढं सांगा,” ती म्हणाली, “की हे बायबलात कुठं आहे. कितवा अध्याय, कितवं वचन. मी शोधशोध शोधलं, सापडत नाही. सासूबाई विचारतात, कुठं लिहिलंय दाखव. आमची आई-मुलीसारखी गट्टी नसली तरी... दाखवायलाच हवं मला.”

सासूचं नाव निघाल्याबरोबर माझं टाळकं फिरलं. पोर गेलेल्या सुनेकडे पुरावा मागते म्हातारी! तिला मनातल्या मनात कानडीत शिव्या घालून झाल्या. तोंडानं मात्र मी म्हणाले, “कागद घरी आहेत, बघून सांगते. शनिवारी इथंच भेटू.” माझ्यासारख्या फटकळ बाईनं अशी पळवाट काढावी!

घरी येऊन कागद काढले. ते अर्धं पान तसंच होतं. वर देवाची दया, खाली वाव. त्यात एका राजाची गोष्टही होती, मी तेव्हा वगळलेली. त्याचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा तो उठला, आंघोळ करून जेवला, आणि म्हणाला की ते माझ्याकडे परत यायचं नाही, मीच त्याच्याकडे जाईन. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मला रडू येत होतं आणि तरी ‘सुखात आहे’ असं काही त्यात सापडेना.

मी स्टुडिओतल्या त्या माणसाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अय्यो मॅडम. मराठीत सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते तेच आहे.”

“काय?”

“तेच. बाकी प्रश्न इतके कुणी ऐकत नाही.”

मी मटकन पलंगावर बसले. मला वाटत होतं, लोक देव एक की तीन ते विचारत असतील. वाद घालायला, परीक्षेला, उगाच गंमत म्हणून. आणि इथं कुठं कुठं, कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत बायका कानाला फोन लावून माझ्या तोंडून आपल्या पोराची खुशाली ऐकत होत्या. माझ्या! जिला गुरुवारचा उपवास धड निभत नाही तिच्या तोंडून. भीती वाटली मला. अंगावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत बसला नाही.

“कागदाप्रमाणं परत करून टाकू,” तो म्हणत होता, “नाहीतर वर कळलं तर माझी पंचाईत. सोमवारी या.” मी ‘सरी’ म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

शनिवारी ती माझ्या आधीच येऊन उभी होती, हातात वही नाही की काही नाही, नुसता फोन. मी घरून घोकून गेले होते, पण तिला बघितल्यावर सगळं विसरलं. सरळच सांगून टाकलं. ते वाक्य कागदात नव्हतं. मी घातलं. मी तुमच्यातली नाही, चर्चमध्ये लग्नाला सोडून कधी पाऊल टाकलेलं नाही. कागदात काय होतं तेही सांगितलं, राजाची गोष्ट सांगितली, वाव सांगितला, काही म्हणजे काही लपवलं नाही.

तिनं डोळे मिटून घेतले. आता ही कोसळते, असं वाटून मी तिचा दंड धरला.

“मग तुम्ही कशावरून म्हणालात?” तिनं विचारलं.

“कशावरूनच नाही गं. मला ‘वाव’ म्हणवेना. तुझ्यासारखी कुणी ऐकत असेल, तिला असं कसं म्हणायचं? माझी जीभच वळली नाही.”

बाजूला कुणीतरी इडली मागत होतं. ती म्हणाली, “आता ते काढून टाकतील?”

“सोमवारी.”

“मग आत्ताच सासूबाईंशी बोला.” ती फोन लावायलाच लागली. माझा पारा चढला. “बोलते की! चांगली खडसावते. पुरावा मागते म्हणजे काय? तिला काय वाद जिंकायचाय तुझ्याशी?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “वाद नाही हो ताई. त्यांचं पहिलं बाळ असंच गेलं होतं. लग्नानंतर लगेच. तेव्हा त्यांना सांगितलेलं, ते स्वर्गाच्या आत जात नाही, दाराबाहेरच राहतं. साऱ्या जन्मात त्याबद्दल बोलल्या नव्हत्या कुणाशी. तुमचं ते मी त्यांना ऐकवलं, तेव्हा बोलल्या. म्हणाल्या, कुठं लिहिलंय ते विचार. खरं असेल तर लिहिलेलं असेल.”

आणि मी ह्या म्हातारीला शिव्या मोजल्या होत्या. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तोवर लागला होता, तिनं तो माझ्या कानाशी धरला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, आणि एक बारीक, दमलेला आवाज म्हणाला, “कोण, उत्तरं देणाऱ्या बाई का? कुठं लिहिलंय ते?”

“आजी,” मी म्हटलं, “लिहिलेलं नाही हो. मला सापडलं नाही. ते मीच म्हणाले.”

भर रस्त्यावर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती सून माझ्या तोंडाकडे बघत उभी.

“तुम्ही म्हणालात,” आजी म्हणाल्या.

“हो.”

“माझी मुलगी होती. तिचं म्हणा.”